गालातून येणारा श

माझ्या तोंडात ळ फार उशिरा आला. वसईच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ख्रिस्ती गावात तो कुणाकडेच नव्हता, आणि णसुद्धा नव्हता. आम्ही पानी पीत होतो, डोल्यांनी बघत होतो, काल्या वाटान्याची उसल खात होतो आणि आमचं काही अडत नव्हतं. अडलं ते शाळेत. आमच्या बाई पुण्याकडच्या. या गावातल्या पोरांच्या जिभा जड आहेत, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर करून टाकलं. मग रोज प्रार्थना झाली की वर्गाने उभं राहायचं आणि नळ, बाळ, कमळ म्हणायचं. आमच्याकडून निघायचं नल, बाल, कमल. बाई कपाळाला हात लावायच्या. आमची माणसं त्या किनाऱ्यावर कधीपासून जाळी टाकत आली आहेत, मुंबई नावाचं शहर उभं राहायच्या आधी तिथे कोण राहत होतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. आम्हाला तेव्हा एवढंच कळायचं की मराठी त्यांची आहे आणि आम्ही ती खराब करतो.

पुढे मी नेमकी स्पीच थेरपिस्ट झाले, म्हणजे लोकांचे र, स आणि ळ सुधारायच्या कामात पडले. माय पोट धरून हसली. "तुलाच तो त्यांचा ल येत नाय, तू काय दुसऱ्याला शिकवनार?" म्हणाली. तोवर मला तो येत होता, पण घरात मी तो वापरत नसे. आजही वापरत नाही. माहेरच्या उंबऱ्याच्या आत डोले आणि पानीच.

आता आम्ही मस्कतहून वसईला परत आलो आहोत. वर्ष झालं, तरी शुक्रवारी सकाळी मला मिस्साची घाई होते. ओमानला सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमचा रविवार शुक्रवारी भरायचा. रुवीच्या चर्चमधून बाहेर पडलं की हमरियाच्या गल्ल्यांत शिरायचं, सुका जवला आलाय का बघायचं, मल्याळ्याच्या हॉटेलात पराठा आणि कडक चहा घ्यायचा आणि नवऱ्याच्या हॉटेलातल्या ड्युटीची वेळ होईपर्यंत उन्हातून उगाच हिंडायचं. मस्कतला मी कधी माझं शहर म्हटलं नाही. व्हिसावर राहणाऱ्याने तसं म्हणू नये. पण त्याची मला फार आठवण येते, आणि ती लपवून ठेवायचं काही कारण मला दिसत नाही.

आमचं थेरपीचं सेंटर मस्कतच्या अल खौदला होतं, विद्यापीठाच्या जवळ, अबाया, म्हणजे बायकांचे काळे झगे, शिवणाऱ्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. माझ्या खोलीत एक मोठा आरसा, दोन बुटक्या खुर्च्या आणि खेळण्यांची टोपली. खिडकीतून तपकिरी डोंगर दिसायचे, झाड नसलेले, सुरुवातीला मला भकास वाटलेले आणि आता स्वप्नात येणारे. माझी मदतनीस सहम गावची, तरुण ओमानी मुलगी. दर आठवड्याला वडिलांच्या मळ्यातली लिंबं आणायची. माझं अरबी कामापुरतं. अडलं की ती हिंदीत सोडवून द्यायची. तिचं हिंदी सिनेमातलं, त्यामुळे कुणी अपॉइंटमेंट बदलली एवढंसुद्धा ती गळा भरून सांगायची. आम्ही दोघी फार हसायचो.

मराठी मंडळात तर माझा भाव वेगळाच. महाराष्ट्र दिनाला मुलांची शुद्ध मराठीची स्पर्धा असायची आणि उच्चारांची परीक्षक म्हणून मला बोलवायचे. आपसात इंग्रजीच बोलणारी मुलं स्टेजवर येऊन 'माझं बाल', 'काला घोडा' म्हणायची आणि पहिल्या रांगेतल्या आया हळहळायच्या, मराठी बुडाली म्हणून. मला मात्र आमच्या गावच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटायचं. एकदा मी ते माइकवरून बोलून दाखवलं. पुढच्या वर्षी परीक्षक बदलला.

जिची ही गोष्ट आहे ती मुलगी आमच्याकडे आली ते दिवस ओमानच्या राष्ट्रीय दिनाचे होते. गाड्यांवर झेंडे, दुकानांवर लाल, पांढऱ्या, हिरव्या पट्ट्या, शाळाशाळांतून गाण्यांच्या तालमी. मुलगी सात वर्षांची, मोठ्या डोळ्यांची. तिने खोलीभर नजर फिरवली आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. आई पस्तिशीची असेल. काळा अबाया, चेहऱ्यावर पडदा, फक्त डोळे दिसत होते. नवरा सरकारी नोकरीत, बदली होऊन मस्कतला आलेला. मूळची माणसं दूर दक्षिणेकडच्या सलालाहच्या मागच्या डोंगरातली.

"शाळा म्हणते हिला दोष आहे," आई म्हणाली. "श म्हणताना हिचं तोंड वाकडं होतं. मुली नक्कल करतात, म्हणून हिने बोलणंच सोडलं. सहामाहीच्या सुट्टीपर्यंत बोलली नाही तर विशेष वर्गात बसवणार. ते काढून टाक."

अरबीत सगळ्यांना तूच म्हणतात, त्याचं मला काही वाटलं नाही. पण 'काढून टाक' टोचलं. काढायला तो काही काटा नव्हता. आणि विशेष वर्ग म्हणजे काय ते मला माहीत होतं. चांगल्या डोक्याचं मूल तिथे चुकून गेलं की परत येणं कठीण, कारण एकदा शिक्का बसला की मग सगळे त्या शिक्क्याशीच बोलतात.

मी माझी नेहमीची तपासणी केली. चित्रं दाखवली, दातांसमोर स्ट्रॉ धरून हवा कुठून येते ते ऐकलं. ती बोलेचना. मग ठोकळे मोजायला दिले. ठोकळे कुणालाही मोजावेसे वाटतात, तिलाही वाटले, आणि ओठांतल्या ओठांत ती मोजत गेली. दहावर आली तेव्हा 'अशरा' म्हणताना तिच्या ओठाचा उजवा कोपरा किंचित मागे गेला आणि हवा दातांमधून न येता गालातून आली. पुस्तकात लिहिलेला दोष जसाच्या तसा. मी मनात नोंद केली आणि पुढचं चित्र दाखवलं, सूर्याचं. ती म्हणाली, शम्स. लख्ख श. एकदम शाळेच्या बाईंना हवा तसा.

मी तिला दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावले. दहाला श गालातून, सूर्याला समोरून. आणखी दोन-तीन शब्द तसेच निघाले. आता, दोष असा शब्द निवडत बसत नाही. ज्या जिभेला श जमत नाही तिला तो दहात जमत नाही आणि सूर्यातही जमत नाही. मी मदतनिशीकडे बघितलं.

"दोक्तोरा, ये लोग पहाड़ के हैं," ती मला बाजूला घेऊन हिंदीत म्हणाली. "इनकी अलग ज़बान है. सब बोलते हैं, चिड़ियों की ज़बान. लिखते भी नहीं." आणि हसली.

"आणि तू घरी काय बोलतेस?" मी विचारलं.

"बलूची," ती म्हणाली. मग जरा थांबून, "लेकिन वो तो घर में." तिचं हसू थोडं कमी झालं.

मी परत जाऊन मुलीच्या खुर्चीजवळ खाली बसले आणि विचारलं, आजीशी कुठल्या भाषेत बोलतेस? ती काहीतरी पुटपुटली. मला ऐकू आलं, 'शहरी'. डोंगरातून आलेली पोर आपल्या भाषेला शहरी म्हणते आहे, हे ऐकून मराठी माणसाला हसू येणारच. मला आलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की हसू जागच्या जागी विरलं. हीसुद्धा त्या मुलींमधलीच, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. त्या दिवशी ती पुढे एक अक्षर बोलली नाही.

पुढच्या वेळी मी मुलीला मदतनिशीबरोबर खेळायला पाठवलं आणि आईला समोर बसवलं. म्हटलं, "हिला दोष नाही. ही हिची भाषा आहे. दहासारखे जे शब्द तुमच्या भाषेतही आहेत त्यांत तिथला श येतो, बाकीच्यांत अरबी."

"मला माहीत आहे," आई म्हणाली.

आईबापांना समजावून सांगायची माझी तयारी नेहमी असते, पण ज्याला आधीच माहीत आहे त्याला काय समजवणार?

"माझ्याही तोंडात तो होता," ती म्हणाली. "मी काढला. हिचाही काढ."

मग ती बोलत गेली आणि मदतनीस नसताना जेवढं मला कळलं ते असं. तिच्या जन्माआधी त्या डोंगरात सरकारविरुद्ध अनेक वर्षं लढाई झाली होती. एकाच घरातले दोन भाऊ दोन बाजूंना होते. लढाई संपली तेव्हा सरकारने सूड घेतला नाही. उलट विहिरी खणल्या, रस्ते काढले, दवाखाने दिले, गुहांमधून आणि गुरांमागून माणसं खाली उतरली, त्यांना घरं मिळाली. आणि शाळा. ती पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा तिला अरबीचा एक शब्द येत नव्हता. बाहेरून आलेल्या मास्तरांना वाटलं, मुलगी मुकी आहे. "आम्हाला सगळं दिलं," ती म्हणाली. "काही काढून घेतलं नाही, कुणी बंदी घातली नाही. फक्त आमची भाषा कुठेच लागेनाशी झाली. शाळेत नाही, बाजारात नाही, टीव्हीवर नाही. मग ती तोंडात ठेवून करायचं काय? आता आम्ही सगळे एक आहोत. एकासारखं एक बोलावं."

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. झेंडा तिच्याही गाडीवर होता, आणि तो तिने मनापासून लावला होता. स्वतःच्या आजारपणामुळे तिला मुलीला दोन वर्षं डोंगरात सासूकडे ठेवावं लागलं होतं. मुलगी परत आली ती तोंडात हा आवाज घेऊन. तेव्हापासून घरात फक्त अरबी. सासूशी फोनवर बोलतानासुद्धा ही अरबीतच बोलायची आणि बिचारी सासू निम्मं समजून घ्यायची.

"त्या दिवशी तू का हसलीस?" तिने मध्येच विचारलं.

मी तिला सांगितलं की आमच्याकडे शहरी म्हणजे शहरात राहणारा. ते ऐकून तिचे डोळे पहिल्यांदा हसले. मग तिने समजावलं की बाकीचे लोक त्या भाषेला जबाली म्हणतात, म्हणजे डोंगरी. खरं नाव तेच, मुलीने सांगितलेलं, पण ते जसं मी म्हणते तसं नाही. नावाचा पहिला आवाजच गालातून येतो. बाहेरच्यांना तो जमत नाही, म्हणून ते डोंगरी म्हणून मोकळे होतात. हे सांगताना तिने ते नाव स्वतः मात्र उच्चारलं नाही. मला ते जाणवलं.

मला राग आला होता. तिचा नाही, शाळेचाही फारसा नाही. नळ, बाळ, कमळचाच तो जुना राग, इतक्या वर्षांनी दुसऱ्याच देशात वर आलेला. मी तिला ळची सगळी हकीकत सांगितली. म्हटलं, "शाळेला हवा तो श मी हिला सगळ्या शब्दांत घालून देते. हिचा आहे तो काढणार नाही."

"एका तोंडात दोन राहत नाहीत."

"राहतात. माझ्या राहतात. ऐक. नल. नळ."

"दोन्ही सारखेच," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा खांदे उडवले. ज्या आवाजासाठी मी अख्खं बालपण उभी राहिले, त्यातला फरक या बाईला ऐकूच येईना! मला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती पर्स उचलत म्हणाली, "इन्शाल्ला. पण सुट्टीपर्यंत बोलली पाहिजे. नाहीतर खलास."

सुट्टी जवळ येत गेली आणि मुलगी बोलली नाही. यायची, बसायची, माझी सगळी खेळणी निगुतीने हाताळायची आणि जायची. ठोकळेसुद्धा आता मनात मोजायची. मी गाणी म्हटली, बाहुल्या बोलत्या केल्या, मदतनिशीने तर खुर्चीवर चढून नाच केला. काही नाही. एकदा जाताना आईने दारात मला विचारलं, "विशेष वर्गात मुलं शिकतात तरी काय?" तिचा आवाज इतका साधा होता की मला घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. पण आपण ज्या पोरीकडे बघून चुकीच्या वेळी हसलो तिचं मनाला लावून न घेणं मला जमत नाही.

सुट्टीच्या आधीच्या शेवटच्या भेटीत मी तिला काही विचारलंच नाही. आरशासमोर तिच्या शेजारी बसले आणि स्वतःच तो आवाज काढायला लागले. जिभेचं टोक वर टेकवायचं आणि हवा एका बाजूने सोडायची, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं. माझ्या गालातून नुसतं फुर्र झालं. दुसऱ्यांदा थुंकी उडाली, आरशावर. मदतनीस तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. मी नेटाने चालूच ठेवलं. माझा गाल फुगला, डोळा मिटला, तोंड सगळं वाकडंतिकडं झालं.

"ला!" मुलगी म्हणाली.

ला म्हणजे नाही. मी न ऐकल्यासारखं करून पुन्हा फुर्र केलं.

"ला, ला! तसं नाही!" तिने माझा जबडा हातात धरला आणि बोट माझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवलं. "इथून." आणि तिने तो आवाज काढून दाखवला, शांतपणे, तोंड मुळीच वाकडं न करता. मग मला म्हणायला लावलं. मी चुकले. ती वैतागली. बाई म्हणून ती फार कडक निघाली. आमच्या पुणेकर बाईंना मागे टाकलं असतं तिने. अरबीचे धडाधड शब्द यायला लागले, जीभ वर, वर म्हणते ना, फुंकू नको, सूप गार करतेस का. माझे डोळे भरून आले होते आणि मी चुकतच होते. आता मुद्दाम नाही, खरंच जमत नव्हतं.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. मला वाटलं होतं ती फोनमध्ये आहे. ती उठली, आमच्या मागे येऊन उभी राहिली. खोलीत आम्ही बायकाच होतो. तिने पडदा वर केला, आरशाकडे वाकली, उजव्या गालाला बोट लावलं आणि मला दाखवायला म्हणून त्या भाषेचं नाव घेतलं. पूर्ण, पहिल्या आवाजासकट. इतकं सहज की घेतल्यावरच तिला कळलं असावं.

मुलगी आरशात आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुला येतं?" तिने अरबीत विचारलं.

आईने पडदा खाली घेतला. "यल्ला, उशीर झाला," म्हणाली, मुलीचा हात धरला आणि दोघी बाहेर पडल्या.

उगाच ताणत नाही, शाळेचं आधीच सांगून टाकते. मुलगी विशेष वर्गात गेली नाही. सुट्टीनंतर ती वर्गात बोलायला लागली. आईने फोन करून सांगितलं की नक्कल करणाऱ्या मुलींना तिने पहिल्याच दिवशी सुनावलं, तुमचं चुकतंय, तोंड वाकडं करायचं नसतं, जीभ वर लावायची असते. अरबी शब्दांतला श आम्ही पुढे काही महिन्यांत घालून दिला. दोन्ही राहिले. अल खौदमधल्या माझ्या सगळ्या वर्षांत मला यापेक्षा जास्त आनंद कशाने झाला असेल, असं वाटत नाही.

पण मला आठवतो तो त्या दिवशीचा जिना. त्या दोघी गेल्यावर मी आणि मदतनीस दारातच उभ्या राहिलो. खालून मुलीचा आवाज आला. तोच प्रश्न असणार, पण आता अरबीत नव्हता. पावलं थांबली. मग आईने उत्तर दिलं, त्याच भाषेत, आधी एक शब्द, मग एक वाक्य, मग ती बोलतच गेली. मी कठड्यावरून वाकून बघितलं. दोघी पायरीवर बसल्या होत्या. त्यातलं मला काही कळलं नाही, फक्त तो गालातून येणारा आवाज ओळखू येत होता, आईचा आणि मुलीचा, आलटून पालटून. शिंप्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन वर बघायला लागली. आईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती उठली नाही, आवाजही खाली केला नाही.